कौल आणि मूल्य : ‘गीतमाले’च्या निमित्ताने काही विचार

१

कलाकृतीचे मूल्य मोजून ठरविता येते काय, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. मात्र हा प्रश्न ज्यांनी ग्रंथ उघडले नाहीत अशा लाखो माणसांनीही एके काळी दर बुधवारी रात्री आठ वाजता विचारला आणि आपल्या परीने त्याचे उत्तरही दिले, याची दखल आपल्या समीक्षेने क्वचितच घेतली आहे. रेडिओ सिलोनवरून ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’, तिच्यातील हिंदी चित्रपटगीतांची साप्ताहिक क्रमवारी आणि वर्षअखेरीस सादर होणारी वार्षिक क्रमवारी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. स्मरणरंजन हा त्याचा हेतू नाही. श्रोत्यांच्या कौलाने गाण्यांची प्रतवारी लावणे ही कृती नैतिकदृष्ट्या कशी समजून घ्यावी, त्या कौलाला कोणत्या गोष्टीचा अधिकार आहे आणि कोणत्या गोष्टीचा नाही, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

या कार्यक्रमाचा आरंभ क्रमवारीने झाला नव्हता, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. सुरुवातीला सात गाणी वाजविली जात आणि ती श्रोत्यांनी योग्य कालानुक्रमाने लावून कळवावयाची, अशी ती स्पर्धा होती. पहिल्याच कार्यक्रमाला सुमारे ९ हजार पत्रे आली आणि पुढे ती संख्या आठवड्याला ६५ हजारांपर्यंत गेली, असे निवेदक अमीन सयानी सांगत असत. इतकी पत्रे तपासणे अशक्य झाल्यावर स्पर्धेची जागा लोकप्रियतेच्या क्रमवारीने घेतली. ध्वनिमुद्रिकांचा खप आणि गावोगावच्या श्रोतासंघांनी पाठविलेला कौल यांच्या मेळातून ही क्रमवारी ठरू लागली. खालच्या पायदानापासून वरच्या पायदानाकडे जाणारी तिची मांडणी, ‘सरताज गीत’ ही तिची उपाधी आणि ‘बहनों और भाइयों’ हे तिचे संबोधन उपखंडाच्या बोलण्यात मुरले. कार्यक्रम १९८९ मध्ये विविध भारतीवर आला आणि १९९४ मध्ये थांबला; पुढे काही काळ तो नव्या रूपात परतलाही. सयानी यांचे निधन २० फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. आज ती क्रमवारी इतिहासजमा झाली असली तरी तिने उभा केलेला प्रश्न इतिहासजमा झालेला नाही.

२

या प्रश्नाची दोन उत्तरे त्याच काळात दिली गेली आणि दोन्ही उत्तरे आजही आपल्या बोलण्यात वावरत असतात.

पहिले उत्तर अभिजनवादी आहे. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे डॉ. बा. वि. केसकर हे मराठी गृहस्थ या भूमिकेचे प्रतिनिधी म्हणून ओळखले जातात. चित्रपटसंगीताने श्रोत्याची अभिरुची बिघडते, म्हणून शासकीय नभोवाणीने त्याला आश्रय देऊ नये, असे त्यांचे मत होते. आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वेळ त्यांच्या कारकिर्दीत आकसला आणि श्रोता समुद्रापलीकडच्या केंद्राकडे वळला. केसकरांची थट्टा करणे सोपे आहे. तथापि ती न्याय्य होणार नाही. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम (१९५२) आणि आकाशवाणी संगीत संमेलन (१९५४) याच काळातले. पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये आठवड्याआठवड्याने प्रसारित झालेले ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ही याच काळातले. त्यातील ५६ गीतांसाठी कोणाचा कौल घेतला नव्हता आणि तरीही ती घराघरांत पोहोचली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा आरंभ करून शासनाने श्रोत्याच्या आवडीशी तह केला. मात्र ज्या यंत्रणेला श्रोत्यांनी लावलेली प्रतवारी हीन वाटत होती, त्याच यंत्रणेने गायक-वादकांची श्रेणी ठरविणारी चाचणी-मंडळे नेमली होती, ही गोष्टही विसरता येत नाही. म्हणजे आक्षेप प्रतवारीला नव्हता, प्रतवारी कोणी करावी याला होता.

दुसरे उत्तर लोकवादी आहे. जे लोकांना आवडते तेच चांगले. त्याहून वेगळे काही ‘चांगले’ असते असे म्हणणे हा मूठभरांचा दंभ होय. या उत्तराला लोकशाहीचे तेज आहे. ज्या दशकात देशाने प्रथमच प्रौढ मताधिकाराने निवडणुका घेतल्या (१९५१-५२), त्याच दशकात हे पायदान रचले गेले, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. एका निवडणुकीत शासन निवडले जाई, दुसरीत गाणे. आणि दुसरीत तर वयाचीही अट नव्हती.

ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसत असली तरी दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे. कौल हा मूल्याविषयीच असतो, असे दोघेही गृहीत धरतात. एकाला तो चुकीचा वाटतो, दुसऱ्याला अंतिम वाटतो. हे गृहीतच तपासून पाहण्याची गरज आहे.

३

‘मला हे आवडते’ आणि ‘हे सुंदर आहे’ या दोन विधानांतील भेद कान्टने १७९० मध्ये मांडला. रा. भा. पाटणकर यांच्या ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथामुळे तो मराठी अभ्यासकाच्या परिचयाचा आहे. पहिल्या विधानात मी केवळ स्वतःविषयी बोलतो आणि इतरांनी सहमत व्हावे अशी माझी मागणी नसते. दुसऱ्या विधानात मात्र मी सर्वांच्या सहमतीवर हक्क सांगतो. हा हक्क भाकिताच्या स्वरूपाचा नाही, हा यातील महत्त्वाचा भाग. सगळे सहमत होतील असे मी म्हणत नाही. सगळ्यांनी सहमत व्हावयास हवे असे म्हणतो. यामुळेच कान्ट पुढे असेही सुचवितो की एखादी कविता मला सुंदर वाटत नसेल, तर शंभर जणांनी तिची स्तुती केल्याने माझा आतला होकार मिळविता येत नाही. फार तर मी माझ्या रुचीविषयी साशंक होईन, पुन्हा एकदा ऐकेन, पुन्हा वाचेन. परंतु संख्येचा पुरावा हा सौंदर्याचा पुरावा होऊ शकत नाही.

ह्यूमने १७५७ च्या आपल्या निबंधात काहीशी वेगळी वाट धरली. रुचीचा निकष असतो आणि तो जाणत्या समीक्षकांच्या एकत्रित निर्णयात सापडतो, असे त्याचे म्हणणे. संवेदनेची सूक्ष्मता, सराव, तुलनेची सवय, पूर्वग्रहापासून मुक्ती आणि विवेक हे त्या समीक्षकाचे गुण. येथेही मते एकत्र येतात, परंतु ती पात्रतेने गाळलेली असतात.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार झालेला नाही असे समजण्याचे कारण नाही. नाट्यशास्त्रातील सिद्धीविषयक अध्यायात प्रयोगाच्या यशाची जी मीमांसा आहे, ती या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगी आहे. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, ‘साधु’ असा उद्गार, रोमांच, आसनावरून उठणे या साऱ्यांची तेथे सिद्धीची चिन्हे म्हणून नोंद होते. प्रयोगातील दोषही टिपले जातात. निर्णय देणाऱ्या प्राश्निकांच्या मदतीला लेखक आणि गणक बसविलेले असतात आणि विजेत्याला पताका दिली जाते. म्हणजे मोजणीचे भरतमुनींना वावडे नव्हते. प्राश्निकांची यादी तर अधिकच उद्बोधक आहे: यज्ञवेत्ता, नर्तक, छंदोविद, शब्दविद, राजा, धनुर्धर, चित्रकार, वेश्या, गांधर्व आणि राजसेवक. प्रत्येकाने आपल्या विषयापुरता निर्णय द्यावयाचा. धनुर्धराने अभिनेत्याचा धनुष्य धरण्याचा आविर्भाव पाहावा, छंदोविदाने वृत्त पाहावे. या व्यवस्थेत समाजाचे अनेक थर सामावलेले आहेत. मात्र कोणालाही ‘एकंदरीत कसे वाटले’ एवढेच विचारून सोडलेले नाही. मत देणाऱ्याने आपण कशाविषयी मत देत आहोत हे सांगावे, अशी त्या व्यवस्थेची अपेक्षा आहे.

गीतमालेच्या कौलात नेमकी हीच गोष्ट नव्हती. श्रोत्याच्या पत्रावर गाण्याचे नाव असे, कारण नसे. चाल आवडली की शब्द, गायकाचा आवाज की पडद्यावरची नायिका, की तो महिना त्याच्या आयुष्यातला चांगला महिना होता म्हणून ते गाणे आवडले, हे मोजणाऱ्याला कळण्याचा मार्ग नव्हता. मोजणीला त्याची आवश्यकताही नव्हती. किंबहुना कारणे गळून पडली तरच बेरीज शक्य होते; दोन कारणांची बेरीज करता येत नाही, दोन मतांची करता येते.

४

मग या कौलाला कसलाच नैतिक आधार नव्हता काय? माझ्या मते होता, आणि तो भक्कम होता. फक्त तो भलत्या ठिकाणी शोधला गेला.

राजकारणात बहुमताला आपण मान देतो तो बहुमत नेहमी शहाणे असते म्हणून नव्हे. निर्णय सर्वांना बांधून ठेवणार असतो, आणि ज्याला निर्णय बाधणार आहे त्याचे मत इतर कोणाहूनही कमी मोलाचे नाही, या समतेच्या तत्त्वावर बहुमताचा अधिकार उभा असतो. गाण्याच्या सौंदर्याविषयीचा निर्णय कोणालाही बांधीत नाही. पहिल्या पायदानावरचे गाणे मला नीरस वाटले तर मी कोणताही कायदा मोडलेला नसतो. तेव्हा मूल्याच्या बाबतीत बहुमताची नैतिक बाजू मुळातच लागू होत नाही.

परंतु गीतमालेत एक गोष्ट अशी होती की जी सर्वांना बांधून ठेवीत असे: वेळ. तासाभराच्या कार्यक्रमात मोजकीच गाणी बसत. एका गाण्याने घेतलेली तीन मिनिटे दुसऱ्याला मिळत नसत. ध्वनिलहरींवरचा वेळ हा सर्वांच्या मालकीचा, मर्यादित आणि म्हणून वाटून घ्यावयाचा ऐवज आहे. तो कोणी वाटावा? मंत्र्याने, प्रायोजकाने, निर्मात्याने की ऐकणाऱ्याने? या प्रश्नाला ‘ऐकणाऱ्याने, आणि प्रत्येकाचे मत सारखे धरून’ हे उत्तर निःसंशय अधिक न्याय्य आहे. कोणते गाणे थोर आहे हे गीतमालेचा कौल सांगत नव्हता. आपल्या समाईक वेळेत आपण काय ऐकावे हे तो ठरवीत होता. तो वाटपाचा निर्णय होता, मूल्यमापनाचा नव्हे. त्याला मूल्यमापन समजणे ही लोकवाद्याची चूक. आणि मूल्यमापन म्हणून तो सदोष आहे, तेव्हा वाटपातही श्रोत्याला विचारू नये, ही अभिजनवाद्याची चूक.

वाटप म्हणूनही या कौलाला मर्यादा होत्या आणि त्या संयोजकांना जाणवल्या होत्या, असे दिसते. ठरावीक आठवडे यादीत राहिलेले गाणे ‘सरताज गीत’ म्हणून गौरवाने यादीबाहेर काढले जाई. हा नियम वरवर पाहता सन्मानाचा आहे. त्याचा आशय मात्र न्यायाचा आहे. बहुमताला मोकळे सोडले तर तेच गाणे वर्षभर वाजत राहील आणि नव्या गाण्याला ऐकले जाण्याची संधीच मिळणार नाही, हे त्यात मान्य केलेले आहे. ज्याला खूप मिळाले त्याने सन्मानपूर्वक जागा सोडावी, हे तत्त्व आपल्या सार्वजनिक जीवनातील अनेक पायदानांवरही लागू करण्यासारखे आहे.

मोजणीच्या मर्यादेचे आणखी एक अंग गणिती आहे. अ, ब, क अशी तीन गाणी आणि तीन श्रोते आहेत असे समजू. पहिल्याचा पसंतीक्रम अ, ब, क. दुसऱ्याचा ब, क, अ. तिसऱ्याचा क, अ, ब. दोन विरुद्ध एक मतांनी अ हे ब पेक्षा वरचढ ठरते, तसेच ब हे क पेक्षा आणि क हे अ पेक्षा. तिघांपैकी एकाच्याही पसंतीत विसंगती नाही. त्यांच्या बेरजेत मात्र ती आहे. कोंदोर्सेने १७८५ मध्ये दाखविलेल्या या कोड्याला केनेथ अ‍ॅरो यांनी १९५१ मध्ये, म्हणजे गीतमालेच्या आदल्याच वर्षी, व्यापक सिद्धांताचे रूप दिले. ‘लोकांना सर्वांत जास्त काय आवडते’ या प्रश्नाचे उत्तर लोकांच्या मनात तयार असते आणि मोजणी ते केवळ बाहेर काढते, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. मोजण्याची पद्धत बदलली की सरताज बदलू शकतो. तेव्हा ‘जनतेची आवड’ ही वस्तू सापडत नाही, ती काही अंशी घडविली जाते. आणि घडविणाऱ्यावर तिची जबाबदारी येते.

५

आता एका प्रत्यक्ष वर्षाकडे पाहू. १९५७ च्या वार्षिक क्रमवारीत अग्रस्थानी होते ते ‘जनम जनम के फेरे’ या पौराणिक वळणाच्या चित्रपटातील, भरत व्यास यांनी लिहिलेले आणि एस. एन. त्रिपाठी यांनी स्वरबद्ध केलेले गीत. हेच वर्ष ‘प्यासा’चे, ‘मदर इंडिया’चे, ‘नया दौर’चे आणि ‘दो आँखें बारह हाथ’चे. आज चित्रपटगीतांविषयी गंभीरपणे लिहिणारा कोणीही या वर्षाचा विचार साहिर आणि सचिनदेव बर्मन यांच्यापासून सुरू करील. त्रिपाठींचे नाव त्याच्या लेखात येईलच असे नाही. येथे चूक कोणाची म्हणावयाची?

‘श्रोत्यांची’ असे उत्तर घाईचे होईल. समीक्षेच्या स्मृतीतून जे निसटले असते ते या क्रमवारीने जपून ठेवले. भक्तिपर, साध्या चालीचे, प्रतिष्ठित वर्तुळाबाहेरचे एक गाणे त्या वर्षी असंख्य माणसांच्या ओठांवर होते, ही वस्तुस्थिती तिच्यामुळे टिकली. उलट, ‘प्यासा’चे मोल त्या यादीतील स्थानावर अवलंबून नव्हते, ते पुढच्या पिढ्यांनी पुन्हा पुन्हा पाहून, ऐकून आणि मुख्य म्हणजे कारणे देऊन प्रस्थापित केले. क्रमवारी ही साक्ष होती, निकाल नव्हता. साक्षीला साक्षीचे मोल द्यावे. न्यायाधीशाचे आसन देऊ नये.

परंतु साक्ष ज्याची घेतलीच गेली नाही त्याचे काय? हा प्रश्न मराठवाड्यात बसून विचारताना अधिक टोकदार होतो. छत्रपती संभाजीनगर हे शहर, तेव्हाचे औरंगाबाद, १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होते. वली आणि सिराज औरंगाबादी यांच्यापासून चालत आलेली मुशायऱ्याची परंपरा या शहराला आहे. मुशायऱ्यातही श्रोता कौल देतो, पण तो एका विशिष्ट शेराला, कवीच्या समोर, भर सभेत देतो. ‘मुकर्रर’ म्हणून तोच शेर पुन्हा मागतो, आणि भलत्या ठिकाणी दाद देणाऱ्याची अरसिकता सभेत उघडी पडते. दाद देणाराही तेथे जोखला जातो. तेथे मोजणी होत नाही. तरीही कोणता शेर टिकला हे सभेला कळते.

याच प्रदेशात दुसरी एक गायनपरंपरा आहे. आंबेडकरी जलसे, गायनपार्ट्या आणि वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींची गाणी वस्त्यावस्त्यांतून, जयंतीच्या मंडपांतून, हातोहात फिरणाऱ्या पुस्तिकांतून आणि पुढे कॅसेटींतून पसरली. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला तो २७ जुलै १९७८ रोजी, आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सुमारे सोळा वर्षांत माणसे मारली गेली, घरे जाळली गेली, मोर्चे निघाले. आणि त्या सगळ्यात गाणीही गायिली गेली. ज्यांनी ती गायिली त्यांच्या दृष्टीने ती त्या वर्षांची सर्वांत महत्त्वाची गाणी होती. पण ती कोणत्याही पायदानावर असण्याचा संभवच नव्हता. ती हिंदी नव्हती, चित्रपटातील नव्हती. आणि जे उमेदवारच नव्हते त्यांना मत कसे देणार?

हा दोष एकट्या गीतमालेवर ढकलता येणार नाही. तिने आपण चित्रपटगीतांची क्रमवारी लावतो असेच सांगितले होते. दोष आहे तो नंतर त्या यादीला ‘त्या काळाचे संगीत’ म्हणणाऱ्या आपल्या सवयीचा. कौलाचा पहिला अन्याय मोजणीत घडत नाही, तो मोजणीच्या आधी, नावे ठरविताना घडतो. विधिमंडळाचा ठराव होऊनही प्रतिष्ठेची मागणी सोळा वर्षे ताटकळली, या अनुभवातून हा प्रदेश एक गोष्ट शिकला आहे: काही मागण्यांचे न्याय्यत्व संख्येवर अवलंबून नसते. गाण्यांच्या बाबतीतही हे लागू आहे. थोड्यांच्या आयुष्यात जे गाणे आधारासारखे उभे राहिले, त्याला समाईक वेळेतील वाटा मागण्याचा हक्क आहे. आणि तो बहुमताच्या कृपेवर सोडता येत नाही.

६

एवढे म्हणून झाल्यावर समीक्षकाने आपल्याकडेही पाहिले पाहिजे. गीतमालेच्या श्रोत्याने कारण दिले नाही, अशी तक्रार वर केली. आपण देतो काय?

विद्यापीठांचे अभ्यासक्रम, पारितोषिके, प्रातिनिधिक संपादने, ‘महत्त्वाचे कवी’ या शीर्षकाखाली लिहिली जाणारी प्रकरणे या सर्व क्रमवाऱ्याच आहेत. फरक इतकाच की मतदार थोडे असतात आणि मतमोजणी बंद दाराआड होते. अभ्यासमंडळाच्या बैठकीत एखादी कादंबरी नेमली जाते तेव्हा तिच्या बाजूने जे बोलले गेले ते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचते ते फक्त नाव. त्या नावापुढे ‘अभिजात’, ‘युगप्रवर्तक’ अशी बिरुदे लागतात आणि तीही एका पिढीच्या मार्गदर्शिकेतून पुढच्या पिढीच्या उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरतात. कारणाविना नाव एवढाच ऐवज असेल, तर श्रोत्याचे पत्र आणि अभ्यासक्रमाचे परिपत्रक यांत तत्त्वतः फरक काय? उलट श्रोत्याची बाजू थोडी उजवी ठरते. तो ‘मला आवडले’ म्हणत होता, आपण ‘श्रेष्ठ आहे’ म्हणतो. ज्याचा दावा मोठा, त्याच्यावर कारण देण्याचे ओझे अधिक.

बा. सी. मर्ढेकर हे आकाशवाणीच्या सेवेत होते, ही गोष्ट या संदर्भात आठवते. कलाकृतीतील संवेदनांच्या लयबद्ध संघटनेत सौंदर्य शोधणारा हा मीमांसक अशा माध्यमात काम करीत होता, की ज्याला श्रोत्यांच्या संख्येचा विचार टाळता येत नाही. त्यांच्या उपपत्तीशी आपण सहमत असू वा नसू. मूल्याचा निर्णय कलाकृतीच्या घडणीकडे बोट दाखवून द्यावा लागतो, हा त्यांचा आग्रह मात्र सोडता येणार नाही. ‘पाहा, येथे हे असे घडले आहे’ असे म्हणणे ही समीक्षेची किमान नैतिकता आहे. ती पाळली तर समीक्षकाचे मत थोड्यांचे असूनही उद्धट ठरत नाही, कारण ते ऐकणाऱ्याला तपासून पाहण्याचे स्वातंत्र्य देते. ती पाळली नाही, तर ते केवळ लहान मतदारसंघाचे बहुमत उरते.

७

आज श्रोत्याला मत विचारण्याची गरजच उरलेली नाही. यूट्यूबवर किंवा गाणी ऐकविणाऱ्या अन्य सेवांवर एखादे गाणे किती वेळा वाजले याची नोंद आपोआप होते आणि त्या आकड्यावरून पुढच्या श्रोत्यापुढे काय यावे हे ठरते. वरवर पाहता हा अधिक अचूक कौल आहे. कोणी पत्रे टाकून फसवू शकत नाही की श्रोतासंघाच्या नावाने एकगठ्ठा मते पाठवू शकत नाही, असे म्हटले जाते. फसवणुकीचे मार्ग नव्या व्यवस्थेतही आहेत, हा भाग वेगळा. महत्त्वाचा बदल दुसराच आहे. पत्र पाठविणारा श्रोता एक कृती करीत होता. तो निवड करीत होता, तिच्यासाठी टपालाचे पैसे मोजत होता, श्रोतासंघाच्या बैठकीत इतरांशी वाद घालीत होता आणि आपल्या गावाच्या नावानिशी ती निवड जाहीर होईल या अपेक्षेने तिच्यामागे उभा राहत होता. आता वाजण्याची नोंद होते, निवडीची नाही. दुकानात लागलेले गाणे, झोप लागल्यावर वाजत राहिलेले गाणे आणि डोळे मिटून ऐकलेले गाणे यांची किंमत सारखीच. श्रोता मोजला जातो, पण तो मत देत नाही. कारण तर आधीच गळाले होते. आता कर्ताही गळाला आहे.

मराठीतील ‘कौल’ या शब्दाला मतदानाचा अर्थ अलीकडे चिकटला. त्याआधी देवाचा कौल होता, आणि राज्यकर्त्याने रयतेला दिलेला अभयाचा कौलही होता. या दोन्ही जुन्या अर्थांत कौल देणारा आपल्या शब्दाने बांधला जातो. दिलेला कौल फिरविणे हा दोष मानला जाई. गीतमालेच्या श्रोत्याने दिलेल्या कौलात त्या बांधिलकीचा पुसटसा का होईना अंश होता. या गाण्याला आपल्या सर्वांच्या वेळेतला वाटा मिळावा, असे तो म्हणत होता, आणि तसे म्हणण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. गाणे थोर का, हे सांगण्याचे काम त्याच्याकडे नव्हते. ते आपल्याकडे होते. त्या कामात आपण कुचराई केली म्हणूनच त्याच्या यादीला निकालाचे रूप आले. यादीत नसलेल्या गाण्यांसाठी जागा मागणे आणि यादीत असलेल्यांविषयी कारणे देणे ही दोन्ही कर्तव्ये अजूनही शिल्लक आहेत, आणि कोणत्याही आकड्याने ती आपल्यावरून उतरत नाहीत.